‘काही कळलं नाही’ हे उत्तर वहीत लिहून ठेवा

पेटची मुलाखत जवळ आली की ज्युनियर मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. ‘ताई, पॅनेलने काय विचारलं तेच कळलं नाही तर काय म्हणायचं?’ याचं एका ओळीचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते दिलं तर तुम्ही मान डोलवाल आणि विसराल. त्यापेक्षा आज एका सिनेमाबद्दल बोलते. रसायनशास्त्राच्या मुलीने सिनेमावर लिहू नये असं वाटत असेल तर थोडं सहन करा, बेडूक आणि एनएमआर दोन्ही येणार आहेत.

सिनेमाचं नाव ‘ओम-दर-ब-दर’. दिग्दर्शक कमल स्वरूप, साल १९८८, पैसा एनएफडीसीचा. अजमेर आणि पुष्करमध्ये घडतो. ओम नावाचा शाळकरी मुलगा, सरकारी नोकरी सोडून ज्योतिषाच्या नादी लागलेले त्याचे बाबूजी, थोरली बहीण गायत्री, तिच्या मागे-पुढे असणारा जगदीश. ओम शाळेत विज्ञान शिकतो, पण त्याला जादूची आणि धर्माचीही ओढ आहे, आणि तो बराच वेळ श्वास रोखून धरू शकतो. इथवर ठीक. त्यानंतर हिरे येतात, बेडूक येतात, जाहिरातींसारखे संवाद येतात, गाणी येतात, आणि ‘पुढे काय झालं?’ हा प्रश्न विचारणारा माणूस हळूहळू गप्प होतो.

१९८८ मध्ये हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, १९८९ मध्ये त्याला फिल्मफेअरचं समीक्षकांचं पारितोषिकही मिळालं. पण आपल्याकडे थिएटरात तो लागलाच नाही. मधली कित्येक वर्षं तो फिल्म शिकणाऱ्या मुलांमध्ये व्हिडिओ कॅसेटच्या कॉपीच्या कॉपीवरून फिरत राहिला. शेवटी एनएफडीसीने प्रिंट डिजिटल पद्धतीने दुरुस्त केली आणि १७ जानेवारी २०१४ रोजी पीव्हीआरने तो मल्टिप्लेक्समध्ये लावला. म्हणजे सव्वीस वर्षांनी. तोवर त्याला ‘कल्ट’, ‘सायकेडेलिक’ अशी विशेषणं चिकटली होती. अनुराग कश्यपनेही आपल्या कामावरचा त्याचा प्रभाव जाहीरपणे सांगितलेला आहे.

आता आपण रिसर्चवाले म्हणून याच्याकडे बघू. वरवर पाहिलं तर हा तयार प्रयोग आहे. सॅम्पल तेच, म्हणजे सिनेमा. इन्स्ट्रुमेंट बदललं, म्हणजे प्रेक्षक. १९८८ चं रीडिंग ‘काही कळत नाही’ आणि २०१४ चं रीडिंग ‘मास्टरपीस’. तेव्हा फरक इन्स्ट्रुमेंटमध्ये आहे, प्रेक्षक शहाणा झाला, असं लिहून मोकळं व्हावं. मी एकदा चहाच्या टेबलवर असंच म्हणाले होते.

पण हा निष्कर्ष टिकत नाही. एक तर सॅम्पल तेच नव्हतं. कॅसेटच्या पाचव्या कॉपीत रंग एकमेकांत सांडलेले असतात, आवाज विहिरीतून आल्यासारखा असतो. त्या गढूळपणालाही लोकांनी ‘नशीला अनुभव’ म्हटलं असणार, आणि दुरुस्त प्रिंटमध्ये तो गढूळपणा धुतला गेला. दुसरं म्हणजे २०१४ मध्ये तिकीट काढून कोण आलं? ज्याला आधीच कोणीतरी सांगितलं होतं की हा महान सिनेमा आहे, तो. बाकीचे शेजारच्या स्क्रीनला गेले. म्हणजे सॅम्पल दूषित आणि इन्स्ट्रुमेंट आधीच कॅलिब्रेट करून आणलेलं. सिनॉप्सिसमध्ये तुम्ही ‘प्रतिसादांचा अभ्यास’ असं लिहाल तेव्हा हे दोन प्रश्न पॅनेल विचारणारच.

माझं स्वतःचं रीडिंगही दूषित आहे, ते सांगून टाकते. पहिल्यांदा हा सिनेमा मी मुंबईत हॉस्टेलवर पाहिला, लॅपटॉपवर, पाच जणांसोबत. संपल्यावर एकजण ‘जीनियस’ म्हणाला, दुसरी ‘प्युअर सिनेमा’ म्हणाली. मला खरं तर मधला पाऊण तास काही लागलं नव्हतं. मी म्हणाले, ‘हो ना, काय लेयर्स आहेत.’ लेयर्स! एकही सांगता आला नसता.

दुसऱ्यांदा बोईसरला घरी पाहिला, आणि या लेखाचं कारण ती दुसरी खेप आहे. दिवाळीची सुट्टी होती. माझा मावसदादा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, तारापूर एमआयडीसीत एका कंपनीच्या क्यूसीत आहे. तो फर्स्ट शिफ्ट करून आला होता. आणि मावशी, पालघरला शाळेत शिकवायची, आता रिटायर. मी टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि मुद्दाम काहीही सांगितलं नाही. कल्ट नाही, महोत्सव नाही, काही नाही. एवढंच म्हणाले की जुना हिंदी सिनेमा आहे. (हे ठरवून केलेलं ‘ब्लाइंडिंग’ होतं असं मला म्हणायला आवडेल, खरं कारण असं की काय सांगायचं ते मलाच माहीत नव्हतं.)

मावशीची पहिली प्रतिक्रिया, ‘अगं, ही तर लाजोजी!’ अनिता कंवर. ‘बुनियाद’ १९८६-८७ मध्ये दूरदर्शनवर लागायची आणि मावशीने ती चुकवली नव्हती. हॉस्टेलवर आमच्यापैकी एकानेही तिला ओळखलं नव्हतं. म्हणजे सिनेमा आला तेव्हाचा प्रेक्षक एका घरच्या बाईला या सगळ्या गोंधळात बघत होता. आम्ही एक अनोळखी चेहरा बघत होतो.

दादा पंधरा मिनिटांत मोबाइलमध्ये गेला. आणि मग ‘राना टिग्रिना’ हे शब्द असलेलं गाणं सुरू झालं आणि तो एकदम सरळ बसला. ‘अरे, हा आपला बेडूक!’ तुमच्यापैकी ज्यांनी प्राणी-विच्छेदन बंद होत आल्यावर कॉलेज केलं त्यांना कळणार नाही, पण नव्वदीत बायोलॉजी घेतलेल्या प्रत्येक मुलाने हे नाव पाठ केलेलं आहे. मेणाच्या ट्रेमध्ये उताणा बेडूक, चार टाचण्या, फॉर्मेलिनचा वास, आणि वहीत डावीकडे आकृती: राना टिग्रिना. (आता त्याचं नावही बदललं, होप्लोबॅट्राकस टायगरिनस म्हणतात.) आम्हा हॉस्टेलवाल्यांना ते गाणं निरर्थक, म्हणून भन्नाट वाटलं होतं. दादाला ते जर्नल सबमिशनचं गाणं वाटलं. तो हसत होता, पण आम्ही हसलो होतो तसा नाही. ओळखीचं काहीतरी भलत्या जागी भेटल्यावर माणूस हसतो, तसा.

मी त्या रात्री वाचत बसले. १९८७ मध्ये भारताने बेडकाच्या पायांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याआधी आपण ते परदेशी ताटांसाठी मोठ्या प्रमाणावर पाठवत होतो. शेतातले बेडूक कमी झाले, ते जे किडे खायचे ते वाढले, कीटकनाशकांचा खर्च वाढला, अशी ओरड होती. आणि पुढच्याच वर्षी आलेल्या या सिनेमात बेडूक आणि हिरे एकत्र येतात. ज्या देशात बेडूक कालपर्यंत परकीय चलन होता, तिथे बेडकात हिरा सापडणं ही भ्रमिष्ट कल्पना म्हणायची की बाजारभाव? दिग्दर्शकाच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. पण ‘सायकेडेलिक’ हा शब्द आपण फार सैल वापरतो असं मला तेव्हापासून वाटतं. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो, की संदर्भ माझ्याकडे नाहीत. छोट्या गावात रेडिओच्या जाहिराती, गाइडमधली विज्ञानाची व्याख्या, पत्रिका, देऊळ आणि सिनेमाचं पोस्टर हे सगळं एकाच दुपारी एकाच मुलाच्या डोक्यात असतं. आमच्या बोईसरात अणुऊर्जा केंद्राच्या बसमधून उतरणारा माणूस घरी जाताना लिंबू-मिरची घेतो, त्याला कोणी सायकेडेलिक म्हणत नाही.

आता ज्या भागाबद्दल लिहायला मी टाळाटाळ करतेय तो. या सिनेमात कामुकता आहे, आणि ती मावशीशेजारी बसून बघायची होती. गायत्री आणि जगदीश यांच्यातली जवळीक सुरू झाली तशी मी रिमोट शोधायला लागले. मावशी शांतपणे उठली, कुकर बघून आली. ती या दृश्यांनी दचकली नाही, की खिळलीही नाही. तिची प्रतिक्रिया आली ती भलत्याच जागी. गायत्री सिनेमा बघायला जाते आणि पुरुषांच्या भागात जाऊन बसते. मावशी पुढे झुकली. ‘बसली ती? तिथेच बसली?’ मला कळेना यात एवढं काय. मग तिने सांगितलं, की तिच्या तरुणपणी बायकांची तिकीट-खिडकी वेगळी असायची, बसायची जागा वेगळी, आणि त्या रेषेपलीकडे बसणं म्हणजे काय हे गावातल्या प्रत्येकाला कळायचं. ‘बाकीचं सगळं घरात चालतं गं, दार लावून. हे उजेडात आहे.’

थिएटरातल्या अंधाराला ती उजेड म्हणाली, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

हॉस्टेलवर आमच्यातल्या मुलांनी जवळिकीच्या दृश्यावर शिट्टी मारली होती आणि खुर्चीच्या दृश्यावर कोणी मानही वळवली नव्हती. धीट काय आणि साधं काय, हे पडद्यावर ठरत नाही. कोण कुठल्या रांगेत बसून वाढलंय यावर ठरतं. आणि हे फक्त याच सिनेमाचं नाही. ‘घाशीराम कोतवाल’ आठवा. तेंडुलकरांचं नाटक १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात आलं आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवलं, कारण वाद पेटला होता. वाद कशावर? नाना फडणवीसांच्या बदनामीवर, ब्राह्मणांच्या चित्रणावर. घाशीराम आपली मुलगी गौरी नानाच्या हवाली करून कोतवाली मिळवतो, यातल्या मुलीवर तेव्हा त्या मानाने थोडं बोललं गेलं. १९७६ मध्ये त्याचा सिनेमा झाला. चार दिग्दर्शकांपैकी एक हेच कमल स्वरूप. बाकीचे मणि कौल, के. हरिहरन आणि सईद मिर्झा. हा सिनेमाही दिसेनासा झाला आणि बर्लिनच्या आर्सेनल संस्थेच्या संग्रहात राहिलेल्या प्रिंटमुळे परत बघायला मिळाला. आज तो बघणारा आधी म्हणतो, ‘ओम पुरीचा पहिला सिनेमा!’ माझ्या वयाच्या मुली मात्र गौरीबद्दल विचारतात. प्रतिक्रियेचा विषयच सरकला.

जपानच्या ‘बेलाडोना ऑफ सॅडनेस’चं असंच झालं. १९७३ चा अॅनिमेशनपट, दिग्दर्शक एइची यामामोटो. त्याच वर्षी मुशी प्रॉडक्शन ही कंपनी बुडाली. जलरंगातली जवळजवळ स्थिर चित्रं, त्यावरून सरकणारा कॅमेरा. लग्नाच्या रात्री जमीनदार नववधूवर अत्याचार करतो, तिथून गोष्ट सुरू होते. २०१६ मध्ये दुरुस्त प्रिंट अमेरिकेत लागली तेव्हा त्याकडे बघणारे लोक अशा दृश्यांना नवे प्रश्न विचारायला शिकलेले होते: अत्याचार इतका सुंदर काढायचा असतो का? मला हा प्रश्न रास्त वाटतो. त्याचं उत्तर ‘तो काळच तसा होता’ हे नाही, आणि ‘कला आहे, तुम्हाला कळणार नाही’ हे तर अजिबात नाही. हे दुसरं वाक्य ज्या सिनेमाच्या बचावाला लागतं त्याच्याबद्दल मी सावध होते. ‘ओम-दर-ब-दर’च्या चाहत्यांकडूनही मी ते ऐकलंय.

तर मग प्रतिक्रियांचा अभ्यास करायचा कसा? ‘आवडला का’ विचारून एक ते पाच गुण घेऊ नका. त्यातून फक्त एवढं कळतं की माणसाला तुमच्यासमोर कसं दिसायचं आहे. मी हॉस्टेलवर पाचपैकी पाच दिले असते.

त्यापेक्षा फ्रेडरिक बार्टलेटकडे जा. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ, पुस्तक १९३२ चं, ‘रिमेंबरिंग’. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली, ‘भुतांची लढाई’. दोन तरुण सील मारायला नदीवर जातात, होडकी येतात, लढाई होते, जखमी माणसाला दुखत नाही, कारण ती भुतं असतात. सकाळी त्याच्या तोंडातून काहीतरी काळं बाहेर पडतं आणि तो मरतो. मग काही वेळाने, काही दिवसांनी, काहींना महिन्यांनी ती परत सांगायला लावली. झाडाच्या होडक्याची साधी बोट झाली. सील मारण्याचं मासेमारी झालं. भुतं तर पुष्कळांच्या गोष्टीतून पार निघून गेली. कोणी खोटं बोलत नव्हतं. जे बसत नाही ते बसवण्याची धडपड चालली होती, आणि त्या धडपडीतच सांगणाऱ्याचं घर दिसत होतं. बार्टलेटची पद्धत आजच्या मापाने ढिली होती, आकडेमोड जवळपास नव्हती. पण १९९९ मध्ये बर्गमन आणि रोडिगर यांनी तोच प्रयोग नीट बांधून परत केला तेव्हाही बदल त्याच प्रकारचे निघाले.

म्हणजे माझं बेडकाच्या निर्यातीचं स्पष्टीकरणही होडक्याची बोट असू शकतं, हे मला मान्य आहे. मी विज्ञानाची आहे, मला कारण सापडलं की झोप लागते.

आणि याची किंमत मी मोजलेली आहे. पहिल्या वर्षी माझ्या एका कंपाउंडच्या प्रोटॉन एनएमआरमध्ये १.२ च्या आसपास एक छोटा पीक यायचा. गाईडने विचारलं, हा काय? मला माहीत नव्हतं. पण क्लोरोफॉर्ममध्ये ग्रीसचा पीक १.२६ ला येतो हे प्रत्येकाला पाठ असतं, म्हणून मी म्हणाले, ‘सर, ग्रीस.’ ग्रुप मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढचे पाच महिने मी दर स्पेक्ट्रमवर पेन्सिलने ‘ग्रीस’ लिहिलं. तो ग्रीस नव्हता. माझ्या रिअॅक्शनमधून निघणारा दुसराच पदार्थ होता, आणि पुढच्या दोन स्टेप त्याच्यामुळे बिघडत होत्या. नंतर जुनी वही काढून पाहिली. पीकचा आकार ग्रीससारखा नव्हताच, आणि ग्रीसचा ०.८६ चा जोडीदार तर कुठेच नव्हता. मी बघितलं होतं, वाचलं नव्हतं. ‘माहीत नाही’ असं लिहिलं असतं तर प्रश्न वहीत जिवंत राहिला असता.

‘ओम-दर-ब-दर’ बघणार असाल तर त्याबद्दल आणखी काही वाचू नका. (मी आधीच थोडं बिघडवलंय, त्याबद्दल सॉरी.) संपल्यावर लगेच दहा ओळींत गोष्ट लिहा, जिथे लागलं नाही तिथे ‘लागलं नाही’ लिहा, मिनिटासकट. आठवड्याने वही न बघता परत लिहा. दोन्ही शेजारी ठेवा. काय गळलं, काय गुळगुळीत झालं, आणि मुख्य म्हणजे सिनेमात नसलेलं काय आत आलं ते लाल पेनाने खूण करा. दोन माणसांच्या बळावर मी कुठलाही निष्कर्ष काढत नाहीये, पेपर तर अजिबात नाही. पण दादा आणि मावशीला मी आठवड्याने फोन केला होता.

दादाच्या गोष्टीत ज्योतिष गेलं, श्वास रोखणं गेलं. एक टोळी बेडकातून हिरे काढते आणि कस्टमवाले मागे लागतात, असा तो सरळ स्मगलिंगचा सिनेमा झाला होता. बॅच तपासून पास-फेल लिहिणाऱ्या माणसाने गोष्टही पास करून टाकली होती.

मावशीने बेडूक उडवले, हिरे उडवले. तिच्या गोष्टीत फक्त गायत्री उरली होती. एक मुलगी असते, ती टॉकीजमध्ये पुरुषांच्यात जाऊन बसते, सगळे बघतात, ती बघू देते. आणि मग सिनेमा संपायच्या आधीच ती उठते, कारण तिला डहाणूची शटल पकडायची असते.

मी म्हटलं, ‘मावशी, अजमेरला शटल कुठून आली?’

‘मग,’ मावशी म्हणाली, ‘एवढ्या रात्री ती घरी कशी जाणार?’